भिकनच्या वाट्याचा रोट

मांजरच होतं, असं मला कोणी सांगू नये. आमच्या घरातल्या बहुतेकांनी ते सांगून पाहिलं आहे आणि दरवेळी माझं डोकं फिरलं आहे. ज्या घरात पुरणपोळीच्या एका तुकड्यावरून कोण आपलं आणि कोण परकं हे ठरतं, त्या घराने तरी हे तोंडातून काढू नये.

मंदाबाई माझी काकू. जळगावात मेहरूणला तिचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढे व्हरांडा, मागे फरशीचं अंगण. काका जाऊन बरीच वर्षं झाली, पदरी मूलबाळ नाही. व्हरांड्यातल्या मशीनवर ती साड्यांना पिको-फॉल करते आणि आपलं आपण भागवते. मी लग्न करून दोन गल्ल्या सोडून राहायला आले, तेव्हापासून तिच्याकडे माझी रोजची फेरी असते.

तिच्याकडे चार मांजरं होती. एकही हौसेने आणलेलं नव्हतं, सगळी आपापल्या पायांनी आलेली. थोरला बोका भिकन. मूल जगावं म्हणून आमच्या खानदेशात भिकन नाव ठेवतात. काकूच्या घरात ते नाव घ्यायला कोणी आलंच नाही, मग तिने ते बोक्याला दिलं. त्याला साखरेचा आजार झाला. सकाळी आणि दिवेलागणीला आधी खाणं, मग इन्सुलिनची सुई. पोळी, दूध, गोड सगळं बंद. रूपाचं मूत्रपिंड कमजोर, तिला डॉक्टरांनी लिहून दिलेलंच खाद्य पाण्यात कालवून द्यायचं. चिमी अजून पिल्लू, तिला दिवसभर थोडं थोडं लागायचं. आणि शेठ. सराफ बाजारातल्या गादीवर बसल्यासारखा बसायचा म्हणून शेठ. त्याला काहीच झालेलं नव्हतं, फक्त तो सगळ्यांचं खायचा.

एका वेळी चौघांना जेवू घालणं म्हणजे लग्नाची पंगत सांभाळण्यापेक्षा अवघड. भिकन न्हाणीघरात, दाराला कडी. रूपा मशीनच्या टेबलावर, कारण तिथे शेठला उडी मारवत नसे. चिमी जाळीच्या कपाटात. शेठ व्हरांड्यात, काकूच्या पायाशी, आणि काकूचा हात त्याच्या मानेवर. सगळ्यांचं झालं की वाट्या उचलायच्या, भिकनची वाटी डोळ्यांनी बघायची आणि मग सुई भरायची. घरात दुसरं कोणी असलं तर सुई टोचण्याआधी ती हमखास विचारायची, याला कोणी काही दिलं नाही ना. मला तर ती दारातच विचारायची. मी हसायचे, पण उत्तर देऊन मगच आत जायचे.

आमच्या माणसांना ही सगळी थेरं वाटायची. माझे वडील भाईदास, त्यांना सगळे आबा म्हणतात, धरणगावकडच्या गावाहून आले की पहिलं वाक्य ठरलेलं: दवाखाना कसा चाललाय? मंदाला माणसांची माया नाही, जनावरांची आहे, असं ते चारचौघांत बोलायचे. काकू आजारी पडली तेव्हा यातलं एकही माणूस तिला पेज द्यायला आलं नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

गेल्या श्रावणात गावच्या घराचं छत काढलं होतं, म्हणून आबांनी ठरवलं की कानबाई, आमची खानदेशातली देवी, या वर्षी मंदाच्या घरी बसवायची. काकूला विचारलं नाही, कळवलं. आणि वर अट घातली, कानबाई बसल्यापासून उठेपर्यंत त्या घरात कोंबडी शिजता कामा नये. ते मला पटलं आणि काकूलाही पटलं. तिने भिकनचं उकडलेलं चिकन शेजारच्या कुंदाबाईंच्या परसात शिजवून आणायची सोय केली, चारही मांजरांना मागच्या खोलीत ठेवलं, आणि आल्या-गेल्याला हात जोडून सांगितलं की ताटातलं काहीही त्यांना टाकू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या.

कानबाईचा रोट म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचा, त्याच्या पुरणपोळ्या, सोबत खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. परक्याच्या तोंडी लागू द्यायचा नाही. उरला तर टाकायचा नाही, घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, अंगणात खड्डा करून पुरायचा. आमच्या घरी लग्न झालेल्या मुलीलाही तो मिळत नाही. मी त्याच घरात जन्मले, त्याच पोळ्या लाटायला बसले, आणि जेवायला माझ्या घरी गेले. काकूच्या घरात गहू मोजला गेला तेव्हा काकाची मूठ नव्हती, कारण काका नव्हता. घर तिचं, चूल तिची, पाणी तिचं, पण त्या गव्हात तिच्या घराचा एक दाणा नव्हता. मला तेव्हाच बोलायला हवं होतं असं वाटलं, पण तिने डोळ्यांनी गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आम्ही बायका कानबाईला डोक्यावर घेऊन विसर्जनाला मेहरूण तलावाकडे निघालो. बँड होता, फुगड्या होत्या, काकूसुद्धा कितीतरी वर्षांनी दोन गिरक्या नाचली. घरी आबा आणि माझा चुलत भाऊ प्रेमराज एवढेच मागे राहिले. उरलेला रोट पातेल्यात होता. गावी मातीचं अंगण आहे, तिथे कुदळीने खड्डा झाला असता. इथे मागे सगळी फरशी. ती फरशीही काका गेल्यावर आबांनीच उभं राहून बसवून घेतली होती, चिखल होतो म्हणून.

आम्ही परतलो तेव्हा पातेलं घासून पालथं ठेवलेलं होतं. मागच्या खोलीचं दार लावलेलं होतं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, काकूलाही नाही. दिवेलागण झाली. कुंदाबाईंकडून चिकन आलं, पण भिकनने दोनच घास खाऊन तोंड फिरवलं. मिरवणुकीच्या ढोलांनी घाबरला असेल, असं मी म्हणाले. काकूने सुई भरली, पण टोचली नाही. बाहेरच्या खोलीत आबा पाहुण्यांमध्ये बसले होते, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, याले कोन्ही काही खावाले दिधं का?"

"नही," आबा म्हणाले. प्रेमराज मोबाईलमध्ये बघत राहिला.

तिने अर्धीच मात्रा ठेवली आणि सुई दिली. घरातल्या थोरल्या माणसाच्या शब्दावर दिली. या एका 'नही'साठी मी माझ्या बापाला माफ केलेलं नाही. पाहुण्यांसमोर मंदा तोंड वाजवील, कानबाईच्या दिवशी शोभा होईल, एवढ्यासाठी ते खोटं बोलले. खाऊ घातलं ही चूक होती, ती मी समजू शकते. सुई समोर दिसत असताना गप्प बसणं याला मी चूक म्हणत नाही.

थोड्याच वेळात भिकन ओकला. चटईवर सगळं आलं, हरभऱ्याच्या डाळीचं पुरण, खिरीतले गहू, वेलदोड्याचा वास. काकू गुडघ्यांवर बसून बघत राहिली. मग तिने मान वर करून फक्त आबांकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्यांच्या तोंडातून खरं निघालं.

"रोट बाहेर देता येत नही. बठ्ठं आंगन फरशीनं शे, खड्डा कोठे करू? मांजरं घरनाच शेतस, म्हनीसन दिधं."

मी ऐकून थक्क झाले. इतकी वर्षं ज्यांना हा माणूस उपटसुंभ म्हणत होता, ती उरलेलं संपवायच्या दिवशी अचानक घरची झाली. मी घरची नाही. काकूच्या घराची मूठ नाही. पण पातेलं रिकामं करायला भिकन भाऊबंद.

त्याचे पाय लटपटायला लागले, मग अंग आखडलं. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी गुळाचं पाणी हिरड्यांना चोळत आणा म्हणून सांगितलं. ज्या गोडाने घात केला तेच बोटाने चोळत काकू रिक्षात बसली होती, आणि मी तिच्या शेजारी आबांना शिव्या मोजत होते. डॉक्टर म्हणाले, खाल्लेलं सगळं पडून गेलं आणि सुई मात्र अंगात राहिली, त्याने साखर एकदम उतरली. आधी कळलं असतं तर आज सुई देऊच नका म्हटलं असतं. त्यांनी सलाईन लावली, त्यांना जमलं ते सगळं केलं. सकाळी भिकन गेला.

आम्ही जुन्या साडीत गुंडाळून त्याला घरी आणलं, तेव्हा मंडळी गावी जायला पिशव्या भरत होती. प्रेमराजची नजर वर होत नव्हती. आबांनी साडीकडे पाहिलं आणि म्हणाले की वाईट झालं, पण शेवटी मांजरच होतं, तलावाकडे कुठेतरी ठेवून येऊ. मी तोंड उघडणार होते. काकूने मला हाताने मागे केलं. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"भिकन घरना व्हता ना, आबा? मंग त्यानी मूठ मोजी व्हती का?"

काकू मागे गेली, कुंदाबाईंकडून कुदळ आणि पहार मागून आणली आणि अंगणाच्या मधोमध टाकली. घरचं माणूस घराबाहेर जाणार नाही, असं तिने सांगितलं. प्रेमराज पुढे होऊन पहार उचलायला वाकला, तर तिने पहारेवर पाय ठेवला.

"ज्यानी वाढं, त्यानीच खोदाना."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदतीला गेले नाही. त्यांनी टोपी काढून मशीनवर ठेवली, धोतर खोचलं आणि पहार घेतली. पहिली फरशी निघायला तेवढा त्रास झाला, बाकीच्या सहज सुटल्या. खाली काळी माती तशीच होती, ओली आणि मऊ. खड्डा व्हायला वेळच लागला नाही.