सगळ्यांच्या हातचा दोर

पदर कमरेला खोचून बाई उजवा हात समोर फिरवायच्या आणि विचारायच्या, "हे कोनाचं हाय?"

समोर चावडी असो, पाराचा ओटा असो की शाळेची वाट, पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची, "आपलं!"

"मंग इतकी घान काऊन हाय?"

मग खराटे निघत. दर शनिवारी सकाळी आमची अख्खी शाळा गावात उतरायची. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि दोन शिक्षक, एक मी आणि एक बाई. अल्लीपूरकडच्या त्या गावात मी आधीपासून होतो. बाईंचं माहेर नाचणगावचं, शिक्षण सेवाग्रामचं. अंगावर खादीचं जाड लुगडं, आणि आवाज त्याहून जाड. तुमच्याही गावात अशी एखादी बाई येऊन गेली असेल, तर तुम्हाला सांगायला नको. अशी माणसं आली की गावाची झोप उडते, आणि सगळ्यात आधी सहकाऱ्याची.

पोरांना हे 'आपलं' इतकं आवडलं की एकदा त्यांनी मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदारांच्या, वाडीतले पेरूच 'आपले' करून टाकले. गावचा सारा वसूल करायची मालगुजारी कायद्याने गेली होती, पण मालगुजार जागचे हलले नव्हते. बाईंनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "पेरू त्याईचे, वाट आपली. तुमी वाटंवर थुकता अन् पेरू आपले म्हनता? उलटंच शिकले रे तुमी!"

पहिली तक्रार अर्थातच शेतकऱ्यांच्या घरून आली. "पोरगं शिकायले धाडलं, झाडायले नाई."

"मंग झाडनं शिकायले धाडलं समजा," बाई म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या.

दुसरी तक्रार मात्र त्यांनी खाली बसून ऐकली. त्या साली गावाबाहेरच्या वस्तीतली माणसं नागपूरहून बुद्धाची दीक्षा घेऊन आली होती. गाव झाडणं, मेलेली ढोरं ओढणं, सगळं त्यांनी टाकून दिलं होतं. त्यांच्यातला एक बाप शाळेत आला. त्याची मुलगी बाईंच्या वर्गात होती.

"बाई, आमी खराटा सोडला. तुमी माह्या पोरीच्या हाती पुन्हा काऊन देऊन राह्यल्या?"

"शनवारी या. पाहून जा," बाई म्हणाल्या.

तो आला. विहिरीभोवती त्याची मुलगी झाडत होती आणि मालगुजारांचा नातू टोपलीत शेण भरत होता. बापाने दोघांकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठीक हाय. पन पोरगी झाडन तं इथलं पानीही भरन."

"खरं बोलले तुमी," बाई म्हणाल्या. "हे मलेच आधी सुचाले पाह्यजे होतं."

आमच्या विहिरीवर ज्याचा त्याचा दोर आणि ज्याची त्याची बादली. वस्तीतल्या बाया ओट्याखाली घागरी घेऊन उभ्या राहायच्या, कोणी वरून पाणी ओतेल तेव्हा घरी जायच्या. विहीर गावाची, पण तिचा स्वतःचा दोर नव्हता. बाईंनी वर्गात अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, आणला आणि पोरांना दोर वळायला बसवलं. वस्तीतलं पोर, तेल्याचं पोर, मालगुजारांचं पोर, सगळी एकमेकांना गुडघे लावून. शनिवारी झाडून झालं की शाळेची बादली त्या दोराला बांधली. पहिली बादली वस्तीतल्या त्या मुलीनेच ओढली. पहिली ओंजळ बाई प्यायल्या, दुसरी मी.

गावात जे व्हायचं ते झालं. मालगुजार स्वतः शाळेत आले.

"बाई, या दोराले कोनाकोनाचा हात लागला?"

बाईंनी दोर त्यांच्यासमोर टाकला. "यात तुमच्या नातवाचाही वाख हाय मालक. वळखा अन् काढून घेऊन जा. बाकीचा राहू द्या."

आणि खरं सांगतो, मालगुजारांनी चष्मा लावून दोर न्याहाळला! शेवटी नातूच कळवळून म्हणाला, "आबाजी, नाई सापडत. आमी सगळा मिसळवला."

काही दिवसांत दोर कापलेला सापडला. "पोरंहो, वाख काढा," बाई एवढंच म्हणाल्या. नवा दोर लागला, तोही कापला गेला. पुन्हा वाख निघाला. काही घरांनी पोरं पाठवणं बंद केलं, तर त्यांतली दोन-तीन मागच्या भिंतीवरून उडी मारून वर्गात येऊ लागली. मला बाईंचा अभिमान वाटायचा आणि त्यांच्याबद्दल धास्तीही. त्यांना मात्र दोराशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

ऐन हिवाळ्यात बाईंच्या बदलीचा हुकूम आला. निरोपाला गावकरी शाल-नारळ घेऊन जमले, त्यांच्या तोंडावर सुटल्याचा आनंद होता. बाईंनी नारळ पोरांना फोडायला दिला. "जाता जाता तहान लागली," म्हणत त्या सगळ्यांदेखत विहिरीवर गेल्या. वस्तीतल्या मुलीने पाणी ओढलं. बाई सावकाश प्यायल्या, तोंड पुसलं आणि दमणीत बसल्या.

"गुरुजी, शनवार चुकवू नका," त्या मला म्हणाल्या. बैल चालू लागले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोर कापलेला होता. या वेळी बारीक तुकडे केले होते, गाठ मारता येऊ नये म्हणून. मी ओट्यावर उभा, पोरं माझ्याभोवती. तेवढ्यात वस्तीतल्या त्या मुलीने माझी बाही ओढली.

"गुरुजी, नाल्यावर चला."

मालगुजारांचा नातू केव्हाच पुढे पळाला होता. नाल्याच्या काळ्या पाण्यात दगडांखाली अंबाडीच्या पेंढ्या वाखासाठी कुजत घातल्या होत्या. वास असा की नाक धरावं.

"बाईनं आमच्या हातानं घालून ठेवल्या," मुलगी म्हणाली. "म्हने, मी गेली की कापतीनच."

पेंढ्या पार वळणापर्यंत गेल्या होत्या. एका दोराला एवढी अंबाडी लागत नाही.

"इतकी कायले गं?"

"ते जितक्या बारी कापतीन, तितक्या बारी."

मी धोतर गुडघ्यावर खोचलं आणि त्यांच्याबरोबर पाण्यात उतरलो.