वकीलसाहेबांच्या गाडीचा पुढचा बंपर

गॅरेजमध्ये काम केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते. गाडी खोलून परत जोडली की एखादा वायसर हातात उरतोच. तो कुठला, हे कुणाला सांगता येत नाही. आपण तो डब्यात टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. किश्श्यांचंही तसंच. मी खामगावात हबीबभाईंच्या गॅरेजात बरीच वर्षं काढली. डबा असा भरलाय की झाकण बसत नाही. आज त्यातले फक्त एका गाडीचे सांगतो. गाडीचे म्हणण्यापेक्षा, तिच्या पुढच्या बंपरचे.

नवीन राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. आमचं गॅरेज गावाच्या तोंडाशी, बुलढाण्याहून येणाऱ्या रस्त्यावर. तिघं जण आम्ही. हबीबभाई मालक आणि उस्ताद. गणपत पत्र्याचं काम करायचा. आणि मी, मधुकर, जिनिंगमधली फिटरची नोकरी सोडून आलेला. कामं बहुतेक ट्रकची, जीपची. त्यात एके दिवशी अण्णासाहेब वकील त्यांची नवी गाडी घेऊन आले.

नवी म्हणजे त्यांना नवी. तशी ती जुनीच होती. विलायती, दोन सीटची, वर कापडी टप, रंग हिरवा, बसकी इतकी की आत बसलेल्या माणसाचा हात जमिनीला लागावा. नागपूरहून कुणा साहेबाकडून आणली होती. शर्यतीची गाडी, असं वकीलसाहेब सांगायचे. गावातली पोरं तिला बेडकी म्हणायची.

आल्या दिवशीच बैलगाडीचा धुरा लागून पुढचा बंपर वाकला होता. तो काढून सरळ करायचा होता. हबीबभाई म्हणाले, "घंट्याभराचं काम हाय, साहेब. बसा, चहा घ्या."

आमचा एकही पाना त्या बोल्टांना लागेना. एक सैल, दुसरा चढतच नव्हता. बोल्ट गंजलेले. घासलेट ओतलं, तापवलं, ठोकलं. दुपार झाली. वकीलसाहेबांचा चौथा चहा झाला. आणि एकदम शेवटचा बोल्ट सुटला. दुसरं टोक मी धरलंय असं गणपतला वाटत होतं. मला वाटत होतं, गणपतनं धरलंय. बंपर धाडकन खाली आला आणि मागे लावलेल्या हॉर्नची वायर त्याच्याखाली चेमटली.

हॉर्न सुरू झाला. तो हॉर्न कसला, भोंगाच होता. थांबायलाच तयार नाही. वायर सापडेना, बॅटरी कुठं आहे ते कुणाला माहीत नाही. (सीटच्या मागे निघाली!) पाहतो तर समोरच्या जिनिंगमधून बाया-माणसं बाहेर येतायत, डोक्यावरचा कापूस झटकत, डबे घेऊन. सुट्टी झाली म्हणून! त्यांच्या मागून मॅनेजर धोतर सावरत धावत आला. गॅरेजच्या दारात उभा राहून त्याने गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. शेवटी एवढंच म्हणाला, "आता यांना आत कोण नेईल?"

कुणीच नेऊ शकलं नाही.

*

सरळ केलेला बंपर परत चढवला तो दिवस मला आठवतो. हबीबभाईंनी स्वतः बसवला. एका बाजूला एक वायसर, दुसऱ्या बाजूला दोन. पाण्याची लेव्हल लावून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्ये. असं काम वऱ्हाडात कुणी करून दाखवावं, म्हणाले.

गाडी रस्त्यावर नेऊन उभी केली. बंपर एका बाजूला चांगला दोन बोटं खाली. मग गणपतच्या लक्षात आलं. आमच्या गॅरेजची जमीनच उतरती होती.

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "हरकत नाही. गाडी इथंच उभी ठेवतो."

*

अण्णासाहेब माणूस म्हणून फार सरळ. एकदा लोणार भागातल्या एका पक्षकाराकडे गेले होते. परत येताना सुलतानपूरला गाडीपुढे कोंबडी आली. ब्रेक लावला, पण धप्प आवाज झाला. खाली उतरून पाहिलं तर कोंबडी कुठंच नाही. मागे नाही, पुढे नाही, चाकाखाली नाही. कोंबडीवाली म्हातारी मात्र रस्त्यात बसून मोठ्याने रडत होती. अण्णासाहेबांनी तिची माफी मागितली, भरपाई दिली आणि तोंड उतरवून निघाले. येताना सगळ्या वाटेत इंजिनाजवळून विचित्र आवाज येत होता म्हणून थेट आमच्याकडेच आले.

गणपतनं बंपर आणि जाळी यांच्या मधल्या फटीत हात घातला आणि ओरडत मागे सरकला. आतून कुणीतरी त्याचं बोट धरलं होतं. मी बंपरचे बोल्ट ढिले केले. बंपर पुढे ओढताच आतून कोंबडी निघाली. जिवंत! दोन पिसं गेली असतील, बाकी ठणठणीत. गॅरेजभर फिरून ती ऑइलच्या डब्यावर जाऊन बसली.

हबीबभाई पोट धरून हसले. अण्णासाहेब हसले नाहीत. त्या म्हातारीचं रडणं त्यांच्या कानातून जात नव्हतं. म्हणाले, तिची आहे, तिला द्यायलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी कोर्टाला सुट्टी होती. मला शेजारी बसवलं, कोंबडी माझ्या मांडीवर दिली आणि मेहकरमार्गे तेवढ्या लांब सुलतानपूरला निघाले. उघडी गाडी, तोंडावर वारा, मांडीवर कोंबडी. वाटेतल्या प्रत्येक गावात लोक उभे राहून पाहत होते.

म्हातारी दारातच होती. अण्णासाहेबांनी दोन्ही हातांनी कोंबडी पुढे केली. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हातारीने कोंबडीला उलटंपालटं करून पाहिलं आणि परत त्यांच्या हातात दिली.

"हे कोंबडी माही नाही," ती म्हणाली. "माही तांबडी होती. हे तं कबरी हाय."

*

पुढे बंपरची चमक गेली. खामगावात चांदीचं काम करणारे हात पुष्कळ. त्यातल्याच एका कारागिराने निकेलचं पाणी चढवून दिलं. बंपर आरशासारखा झाला. तो परत आणायला मी आणि गणपत गेलो. कारागिराने बजावलं, ओरखडा पडला तर मला सांगू नका. म्हणून आम्ही बंपरला स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळलं, दोन ठिकाणी सुतळीनं बांधलं, फळीवर ठेवलं आणि फळी खांद्यावर घेतली. पुढे गणपत, मागे मी. धक्का लागू नये म्हणून चालत होतो हळूहळू, माना खाली घालून.

बाजारात शिरलो तर एकाने टोपी काढली. मला वाटलं गरम होतंय त्याला. मग दुसऱ्याने काढली. पानवाल्याने रेडिओ बंद केला. किराणावाल्याने अर्धी फळी लावून घेतली. मागे वळून पाहतो तर पाचपन्नास माणसं आमच्या मागून चालतायत, कुणी बोलत नाही. लोकांना काय वाटतंय ते मला तेव्हा कळलं. थांबावं तर पंचाईत, चालावं तर पंचाईत.

एक म्हातारेबुवा गणपतच्या बाजूला येऊन हळू आवाजात विचारू लागले, कुणाचं आहे म्हणून. गणपत साधा माणूस. तो म्हणाला, "अण्णासाहेब वकिलाचा."

एवढं पुरलं. आम्ही गॅरेजला पोचायच्या आत बातमी वकिलांच्या घरापर्यंत गेली. कोर्टात त्या वेळी अण्णासाहेबांचा युक्तिवाद सुरू होता, म्हणून त्यांच्या कानावर तेवढी आली नाही. संध्याकाळी घरी आले तर ओटा माणसांनी भरलेला. ज्याच्याविरुद्ध ते नुकतेच बोलून आले होते तो सावकारही खांबाला टेकून डोळे पुसत होता. अण्णासाहेब फाटकातून आत आले तेव्हा कुणी उठलं नाही. एक बाई मात्र किंचाळून आडवी झाली.

तेव्हापासून गणपतला कुठलीही वस्तू गुंडाळायला पांढरं कापड द्यायचं नाही, असा हबीबभाईंचा हुकूम.

*

आता शेवटचा सांगतो.

उन्हाळ्याचे दिवस होते. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आम्ही तिघं सावलीला बसलो होतो. बुलढाण्याच्या बाजूने लोखंड घासत येण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. कान किटवणारा आवाज, थांबत नव्हता. मग वळणावर हिरवी गाडी दिसली. बंपरचं एक टोक सुटून डाव्या चाकाला घासत होतं. धूर निघत होता, रबर जळाल्याचा वास येत होता.

गाडी सरळ आमच्या दारात येऊन थांबली. अण्णासाहेब डाव्या सीटवर होते. मान कलंडलेली, कोटाची बटणं उघडी, चेहरा राखेसारखा, सगळा घामाने भिजलेला. आणि स्टिअरिंगच्या चाकावर वकीलीणबाई.

वकीलीणबाईंना आम्ही ओळखत होतो ते देवळात जाताना पाहिलं असेल तेवढंच. नऊवारी, डोक्यावर पदर, रस्त्याच्या कडेने चालणार, नजर वर उचलणार नाहीत. त्याच आता चाकावर. पदर तसाच डोक्यावर होता, त्याचं एक टोक दातात धरलेलं. बांगड्या फुटून मनगटाला रक्त आलं होतं.

बोथ्याच्या घाटात अण्णासाहेबांच्या छातीत कळ आली होती. गाडी कठड्यावर गेली, बंपर दगडात अडकला. बुलढाण्याला बारसं आटोपून दोघं परतत होते. जंगलातला रस्ता, मागे-पुढे एकही गाडी नाही. बाईंनी त्यांना ओढून डावीकडे सरकवलं आणि गाडी मागे घेऊन दगडातून सोडवली. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, "हबीबभाई, हे काढून टाका. चाक फुटेल. गाडी मी बंद करत नाही."

हबीबभाई पुढे आले. "बाई, तुम्ही उतरा. मी नेतो साहेबांले दवाखान्यात."

"तुमच्याशिवाय हा बोल्ट कुणाला निघायचा नाही," त्या म्हणाल्या. "गाडी मी नेते."

हबीबभाई उताणे गाडीखाली शिरले. चालू इंजिनाखाली कधी जाऊ नका, हे आम्हाला शिकवणारे तेच. गणपतनं छन्नी दिली. मी या वेळी टोक दोन्ही हातांनी धरलं होतं. लोखंड इतकं तापलेलं की तळहाताची कातडी चिकटली, पण मी सोडलं नाही. घाव बसत होते आणि प्रत्येक घावाला अण्णासाहेबांचे ओठ हलत होते. बाईंचा एक हात चाकावर, एक त्यांच्या छातीवर. त्या त्यांच्याकडे पाहत नव्हत्या, समोर रस्त्याकडे पाहत होत्या. त्यांच्या घशातून बारीक आवाज येत होता, स्तोत्र म्हणत असाव्यात.

बोल्ट तुटला. बंपर माझ्या हातात आला. हबीबभाई सरपटत बाहेर आले न आले तोच गाडी निघाली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. चौकात वळून दिसेनाशी झाली.

हबीबभाई तसेच मातीत बसले होते. दुसरा गिअर टाकताना अण्णासाहेब इतकी वर्षं कर्रकन आवाज करायचे, सगळा रस्ता वळून पाहायचा. हबीबभाई म्हणाले, "गिअरचा आवाज नाही आला बे."

बंपर अजून माझ्या हातात होता, तो खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं.

अण्णासाहेब वाचले. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. पुष्कळ दिवस घरी पडून होते. मग एका सकाळी गाडी आली, बंपर चढवायला. चाकावर वकीलीणबाई, शेजारी अण्णासाहेब, गळ्यात मफलर, अर्धे झालेले.

आम्ही बंपर चढवला. या खेपेला गाडी आधी रस्त्यावर, सपाट जागी घेतली. बाई पाणी प्यायला आत गेल्या तेव्हा अण्णासाहेबांनी हबीबभाईंना जवळ बोलावलं. हळूच म्हणाले, "लग्नाला इतकी वर्षं झाली. गाडी घेतली तेव्हा मी तिला विचारलं होतं, शिकतेस का म्हणून. तर म्हणाली, मला भीती वाटते."

हबीबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी गणपतकडे.

बाई परत आल्या, पदर सावरून चाकावर बसल्या. हबीबभाईंना राहवेना. हात जोडून म्हणाले, "वकीलीणबाई, एक विचारू? गाडी शिकल्या कुठं तुम्ही?"

अण्णासाहेबांनीही मान वळवली. त्यांनाही ऐकायचं होतं.

बाईंनी गाडी चालू केली. पुढे थोडं वाकून काचेतून नजर टाकली.

"डावीकडचा बोल्ट जरा आवळून घ्या," त्या म्हणाल्या.