तळाला लावलेलं नाव

पाकीट उघडायच्या आधीच अप्पा वैतागले होते. नातीच्या शाळेच्या सामानावर लावायला सूनबाईंनी नावाचे स्टिकर मागवले होते आणि प्रत्येक स्टिकरवर नावाशेजारी एक ससा होता. दात काढून हसणारा.

"नावाशेजारी ससा कशाला लागतो?" अप्पांनी विचारलं. अप्पांच्या असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं त्या घराने केव्हाच सोडून दिलं होतं.

अप्पांचं उभं आयुष्य मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेलं. जाळीच्या खिडकीमागे ते बसायचे आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय साध्या वॉशरची बाहेर जायची बिशाद नव्हती. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, आणि चिठ्ठी लावायची तळाला. समोर लावली की तेलाचे हात लागतात, अक्षरं पुसतात. तळाला ती सुखरूप राहते. हा नियम कारखान्याचा की अप्पांचा, हे आता कोण सांगणार? पण निवृत्त होताना तो त्यांच्याबरोबर घरी आला. स्वयंपाकघरातल्या डब्यांनाही मग तळाला चिठ्ठ्या लागल्या. बायको बिचारी डबा डोक्यावर तिरका धरून खालून वाचायची, साखर आहे की मीठ. एकदा झाकण सैल निघालं आणि ती मिठाने न्हाली. त्यानंतर तिने धरलेला अबोला बरेच दिवस टिकला. दुसरा माणूस यातून काहीतरी शिकला असता. अप्पा शिकले नाहीत.

आता गंमत अशी, की सूनबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर काचेच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, त्याही समोर, सरळ, लांबून वाचता येतील अशा. म्हणजे चिठ्ठ्या लावण्यातले दोन जाणकार एका छपराखाली राहत होते. त्या घरातल्या मुलाने, म्हणजे अप्पांच्या लेकाने, मोबाइलमध्ये डोकं का खुपसलेलं असायचं ते यावरून समजून घ्यावं.

मुलीसाठी घेतलेली रजा संपवून सूनबाई पुन्हा कामावर रुजू होणार होत्या. नातीची, म्हणजे गुंडीची, शाळा दुपारी सुटणार. तिला आणायचं, जेवायला घालायचं, संध्याकाळपर्यंत सांभाळायचं हे काम अप्पांनी मागून घेतलं होतं. बायको गेल्यापासून दुपारी त्यांना घर खायला उठायचं. गुंडी जवळ असली की ते घर परत त्यांचं व्हायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मनातून ते त्या दुपारींसाठी कासावीस होते.

"बघू," सूनबाई म्हणाल्या होत्या. "जमलं तर ठीक. नाहीतर कोपऱ्यावरचं पाळणाघर आहेच."

आणि एवढं सगळं टांगणीला लागलेलं असताना या माणसाने काय करावं? सूनबाईंनी बजावून सांगितलं होतं, "अप्पा, समोर लावा हं." अप्पा हो म्हणाले. मग गुंडीला शेजारी बसवून, प्रत्येक वस्तू स्पिरिटने पुसून, सुकवून, अंगठ्याने दाबून त्यांनी स्टिकर तळालाच लावले. डब्याला, बाटलीला, कंपासपेटीला, बुटांना.

"तळालाच का, आजोबा?"

"तळाला लावलं की कुणाच्या डोळ्यावर येत नाही आणि पुसतही नाही. आपली वस्तू आपल्यापाशी राहते. कुणी नेली, तर उलटी करून दाखवायची."

गुंडीने हे नीट ऐकून घेतलं. ती फार शहाणी मुलगी होती, हीच पुढची अडचण.

शाळा सुरू झाली. शाळेसमोरच्या दुकानात एकाच तऱ्हेच्या बाटल्या आल्या होत्या, त्यामुळे वर्गातल्या निम्म्या पोरांकडे गुंडीसारखीच बाटली. पाणी प्यायच्या सुट्टीत गुंडी आधी झाकण उघडायची आणि मग बाटली आपलीच आहे ना ते बघायला ती उलटी करायची. आपली नसली की दुसरी उलटी करायची. बाकीच्या पोरांना हा खेळ फारच आवडला. आठवडा सरायच्या आत सगळा वर्ग बाटल्या उलट्या करून ससा शोधू लागला. वह्या भिजल्या, चित्रं भिजली, आणि शेवटी बाईंची खुर्ची भिजली. त्या संध्याकाळी बाईंचा निरोप आला. त्यात "कृपया" हा शब्द बऱ्याचदा होता.

निरोप वाचून सूनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी समोर म्हटलं होतं ना? आमच्या लॅबमध्ये कुणी असं केलं असतं तर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं!"

"लॅबचं लॅबमध्ये," अप्पा म्हणाले. "पोरांना आधी झाकण लावायला शिकवा म्हणावं."

"चूक झाली एवढं तरी म्हणा!"

अप्पा तसं म्हणाले नाहीत.

"मग सोमवारपासून पाळणाघर," सूनबाई म्हणाल्या. "मला कामावर असताना घरचा घोर नको. आणि ते स्टिकर तेवढे काढून ठेवा."

अप्पांचा चेहरा पडला. दाराआड गुंडी उभी होती, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

रविवारी सकाळी अप्पा स्टिकर काढायला बसले, आणि ते निघेनात. कसे निघणार? स्पिरिटने पुसून, सुकवून लावलेले! नखांनी खरवडून झालं, तेल चोळून झालं, सुनेचं केस वाळवायचं यंत्र लावून झालं. प्रत्येक ससा दात काढून त्यांच्याकडे बघत राहिला. एवढं चोख काम आपण का केलं, असा प्रश्न अप्पांना आयुष्यात पहिल्यांदा पडला. कसेबसे ते निघाले. मग नवे लावायला त्यांनी कपाटातून उरलेल्या स्टिकरांचा कागद काढला, तर त्यातला एक मोठा स्टिकर गायब.

झालं. स्टोअरवाल्याचा माल कमी भरला! अप्पांनी घर डोक्यावर घेतलं. लेकाला उठवून त्याच्या खुर्चीची गादी झटकली, केराची टोपली ओतली, सूनबाईंच्या पर्सकडेही एकदा संशयाने पाहिलं.

"अहो अप्पा, एक स्टिकर तो! जाऊ द्या ना."

"आज स्टिकर जाऊ द्यायचा, उद्या काय जाऊ द्यायचं?" असं म्हणत अप्पा गुडघ्यांवर बसले आणि कॉटखाली शिरले. बाहेर राहिले फक्त त्यांचे पाय, घरात घालायच्या सपातांसकट.

सूनबाई आणखी काही बोलणार होत्या, त्या थांबल्या. अप्पांच्या उजव्या सपातेच्या तळाला ससा हसत होता आणि त्याच्या शेजारी गुंडीचं नाव होतं. अगदी मधोमध, कडा दाबून बसवलेलं.

"गुंडे, हे तू केलंस?"

"स्पिरिटने पुसून लावलाय," गुंडी म्हणाली. "सुकवलं पण."

"अगं पण आजोबांना कशाला?"

"पाळणाघरात आजोबांना नेता येत नाही ना. मग मी नसताना त्यांना कुणी घेऊन गेलं तर? ते माझे आहेत हे कसं कळणार?"

कॉटखालची खुडबुड थांबली. अप्पा बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते आणि ते म्हणाले, "केवढी धूळ आहे खाली. कुणी झाडतं की नाही?"

"नाही झाडत," सूनबाई म्हणाल्या. फोन घेऊन त्या गॅलरीत गेल्या. पाळणाघराच्या बाईंशी त्या काय बोलल्या ते आत ऐकू आलं नाही, पण लवकरच परत आल्या आणि गुंडीची बाटली त्यांनी अप्पांच्या पुढ्यात आदळली.

"उद्या दुपारी वेळेवर जा तिला आणायला. आणि हे समोर लावायचं, अप्पा. समोर!"

"चूक झाली माझी," अप्पा म्हणाले, आणि सगळे स्टिकर त्यांनी समोर लावले, सरळ, लांबून वाचता येतील असे. सपातेचा तेवढा काढला नाही. तो त्यांनी हिशेबात "वापरात" धरला.