अर्लीन आत्याचं दार

अर्लीन आत्याने समुद्राकडच्या खोलीसाठी लग्न केलं, असं आमच्या यंग्सटाउनमध्ये अजून सांगतात. चर्चच्या तळघरात, केक कापता कापता, आवाज खाली आणून. साफ खोटं आहे. आत्याने लग्न केलंच नाही. तिने फक्त एक माणूस बरोबर नेला आणि काम झाल्यावर, वाळूतली छत्री मिटून जिन्याखाली टाकतात तसा ठेवून दिला.

आत्या छप्पन्न वर्षांची, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनच्या टेबलामागे बसते. तिचा आवाज नाकातून निघतो आणि वाक्याच्या शेवटी धाडकन बंद होतो. "डॉक्टर बोलावतील. बसून घ्या." उभा असलेला माणूस बसतो, बसलेला असेल तर आणखी बसतो.

आम्हा ह्रुश्का घराण्याचा नियम आजीने घालून दिलेला. दर जुलैत समुद्रावर सगळ्यांनी मिळून एकच घर घ्यायचं, शनिवार ते शनिवार. दार असलेल्या खोल्या जोडप्यांना, मोठ्या वयाचं जोडपं आधी. एकट्याने पोरांच्या खोलीत झोपायचं, दुमजली खाटांवर. आजी गेली, नियम राहिला. आत्याने अर्धं आयुष्य खालच्या खाटेवर काढलं. वर एखादा भाचा, उशीत वाळू, पायाशी कोणाची तरी ओली चड्डी. मागच्या वर्षी माझी बहीण केल्सी तीन महिन्यांच्या ओळखीचा एक पोरगा घेऊन आली, तर तिसरं दार तिला मिळालं. आत्या टॉवेल खांद्यावर टाकून, बाथरूम कधी रिकामी होते याची वाट बघत पॅसेजमध्ये उभी. जाता-येता आम्ही तिला चुकवून जायचो, खांबाला चुकवतात तसं.

किनारा आणि घर शोधायचं काम मात्र तिचंच. "तुला काय गं, वेळच वेळ," असं माझी आई म्हणायची.

यंदा ईस्टरला हॅमच्या ताटल्या उचलल्यावर आत्याने टेबलावर लॅपटॉप उघडला.

"टॉपसेल बेट," ती म्हणाली. "चार खोल्या. चारींना दारं."

"चौथी कोणाला?" बाबांनी विचारलं.

"कुत्र्याला," लोरी काकू म्हणाली.

"देऊन टाक," डेनिस काका म्हणाला. "कुत्र्याचं निदान कोणाशी तरी जमतं."

टेबल हसलं. मी नाक चिमटीत धरून म्हटलं, "कुत्रा बोलावेल. बसून घ्या." आईला हसता हसता ठसका लागला, काकाने तिच्या पाठीत थापट्या मारल्या.

आत्याने पडद्यावरून बोट फिरवलं. "बरं. टॉपसेललाच तीन दारं आणि पोरांची खोली असलेलं घर आहे."

"मर्टल बीच का नको?" बाबा म्हणाले. "गोल्फ आहे तिथे."

"आउटर बँक्स," काका म्हणाला. "मासे आहेत तिथे."

"मला पोहायचा तलाव हवा," आई म्हणाली. "समुद्रात मासे मुततात."

"तलाव आहे. गळ टाकायला धक्का आहे. गोल्फ पुलापलीकडे. वरच्या खोलीतून सरळ समुद्र दिसतो."

सगळ्यांनी तलावाचा फोटो पाहिला. आमच्याकडे तेवढंच पाहतात. टॉपसेल ठरलं.

भांडी पुसताना आत्या माझ्याशेजारी आली. "माझा आवाज चांगला काढतोस."

"थँक्यू."

"पैज लाव. यंदा मी दार लावून झोपले, तर आठवडाभर माझा आवाज काढायचा नाही."

"आणि खाटेवर झोपलीस तर?"

"तर माझ्या दफनाच्या दिवशी काढ. चर्चमध्ये. माइकवर."

इतकी सोपी पैज मला आयुष्यात मिळाली नव्हती. मी ओला हात पुढे केला.

पुढच्याच आठवड्यात आत्या चर्चच्या तळघरात उतरली. ईस्टरआधीच्या शुक्रवारी तिथे सगळ्या गावासाठी मासे तळतात, आणि कढईवर असतो वॉल्ट पावलाक. पाइपच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बायको वारलेली, वय अडुसष्ट. तो कढया घासून वर्षभरासाठी ठेवून देत होता. आत्याने त्याची नखं पाहिली. स्वच्छ होती. तो वाद घालत नाही हे तिला ठाऊकच होतं.

"जुलैत काय करताय?"

"काही नाही."

"समुद्रावर येता?"

वॉल्टने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "मला विचारताय?"

"कढईला विचारत नाही."

जन्मभर मासे तळलेल्या या माणसाने समुद्र कधी पाहिला नव्हता. त्याने एवढंच विचारलं, "रात्री अंथरुणातून लाटा ऐकू येतात म्हणे. खरं का?"

"येतात," आत्या म्हणाली. कोणाच्या अंथरुणातून, ते तिने सांगितलं नाही.

जुलैत वॉल्ट नव्या सँडलमध्ये पांढरे मोजे घालून उतरला आणि सगळ्यांशी हात मिळवत सुटला, कुत्र्याशीसुद्धा. मग वयं मोजली गेली. वॉल्ट सगळ्यांत मोठा, त्यामुळे पहिली निवड त्याची आणि आत्याची. आत्याने वरची खोली घेतली. आई-बाबा एक पायरी खाली सरकले, काका-काकू त्यांच्याखाली, आणि केल्सी तिच्या मित्राला घेऊन सोफ्यावर.

तासाभरात वॉल्टची बॅग बाहेर आली.

"तुम्ही घोरत असाल," आत्या म्हणाली.

"माहीत नाही," वॉल्ट म्हणाला. "बायको गेल्यापासून कोणी सांगितलं नाही."

"घोरत असालच." तिने बॅग पोरांच्या खोलीत, खालच्या खाटेवर नेऊन ठेवली.

आई जिन्यात आडवी आली. "ती जोडप्याची खोली आहे, अर्लीन. जोडपं कुठाय?"

"शेरिल, माझा भाऊ घरी टीव्हीसमोर सोफ्यावर झोपतो. किती वर्षं झाली? तुझं दार काढून घेतलं का कोणी?"

आईच्या मानेपर्यंत लाली चढली. बाबा रिमोट शोधू लागले. तो त्यांच्या हातातच होता.

वर कडी लागली. आत्याने खिडकी पूर्ण उघडली. मग खोलीच्या मधोमध उभं राहून, घाई न करता, तिने कपडे बदलले.

बुधवारी दुपारी मी पोरांच्या खोलीत गेलो, तर वॉल्ट उन्हाने भाजलेला, गुडघे पोटाशी घेऊन खाटेवर पडला होता. त्याच्यासाठी खाट अपुरी होती. आमची खिडकी गाड्यांच्या बाजूला, तिच्याखाली एसीचं मशीन घरघरतं.

"तिकडे येतो का रे लाटांचा आवाज?" त्याने वर बोट केलं.

"येत असेल."

"तिला विचारलं तर ‘ऐका’ म्हणाली. ती मला नावाने हाक मारत नाही. ‘ऐका, तेवढी खुर्ची उचला.’" त्याने डोक्यावरच्या खाटेच्या फळ्यांकडे पाहिलं. "तू तिचा आवाज काढतोस म्हणे. अगदी हुबेहूब. एकदा ‘वॉल्ट’ म्हणून दाखव ना."

माझा हात नाकापर्यंत गेलाही होता.

"शनिवारपर्यंत नाही काढता येणार," मी म्हटलं. "पैज हरलोय."

"कोणाशी?"

"तिच्याशीच."

वॉल्टच्या सोललेल्या तोंडावर हसू आलं, घरातलं कोणी बक्षीस घेऊन आल्यासारखं.

"ती कुठली हरतेय," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून वळला.