टॉवेल घातलेली खुर्ची

तीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालो, तेव्हा एकच हौस उरली होती. आपल्याकडच्या पोरांना डार्क मॅटर एकदा नीट समजावून द्यायचं. राहू गावाच्या अलीकडच्या एका शाळेनं विज्ञान दिनाला बोलावलं. वेळ सकाळी दहाची. साडेबारा वाजले तरी "सायब निघाल्यात" एवढंच चाललं होतं. साहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. मंचाच्या मधोमध पांढरा टॉवेल घातलेली त्यांची खुर्ची रिकामी आणि दोन्ही बाजूंना आम्ही बाकीचे, अंग चोरून.

शेवटी सत्कार उरकायचे ठरले. यादीत पहिलं नाव साहेबांचं, म्हणून मुख्याध्यापकांनी शाल खुर्चीच्या पाठीवर घातली, नारळ गादीवर ठेवला आणि वाकून नमस्कारही केला. टाळ्या पडल्या! एम.एस्सी. झालेला माणूस हा. असली लाचारी जन्मभर पाहिली, तरी किळस यायची राहत नाही.

मला दहा मिनिटं मिळाली. दीर्घिकेच्या कडेचे तारे इतक्या वेगानं फिरतात की दिसणाऱ्या वस्तुमानाला ते धरून ठेवता येणार नाहीत. म्हणजे न दिसणारं काहीतरी तिथं असावं, तेच डार्क मॅटर, असं सांगितलं. पोरं जांभया देत होती. मग मी खुर्चीकडे बोट केलं.

"हितं कुणी दिसतंय? न्हाई ना? पण सकाळधरनं समदी हिच्याभोवतीच फिरत्यात. वजन त्यावरनं कळतं."

मांडव खदखदून हसला. मुख्याध्यापकांचा चेहरा पाहून मला फार बरं वाटलं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. "सर, पण ते खरंच हाय का? का आपलंच गणित चुकतंय?"

तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मोठमोठे शास्त्रज्ञ याच्यावरच भांडतात. "बस, सांगतो," म्हणालो, तोच फाटकात हॉर्न वाजला. अख्खा मांडव ताडकन उभा राहिला. गाडीतून एकटा ड्रायव्हर उतरला.

"सायबांना जमत न्हाई. शुभेच्छा सांगितल्यात."

मुख्याध्यापकांनी आभारासाठी माइक ओढून घेतला. एवढ्या गर्दीत ती मुलगी तेवढी बसून होती, वही उघडी ठेवून, माझ्याकडे बघत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, बोलणं अर्धवट टाकून मीही बाजूला सरकलो होतो आणि माझे हात जोडलेले होते.

तिनं ते पाहिलं आणि वही मिटली.