अलीमच्या मापाचा झगा

जैनुद्दीन दर्जी भिंगारच्या बाजारात चाळीस वर्षं मशीन चालवत होता. माणूस दुकानाची पायरी चढला की त्याला नावाआधी खांदा आणि छाती आठवायची. छावणीतल्या कारकुनांच्या विजारी, बागवानांचे सदरे, नवरदेवांच्या शेरवान्या, सगळं त्याच्या हातून गेलेलं. माणूस तिरसट. कुणी कपड्याची घाई केली की सरळ म्हणायचा, "एवढी घाई हाय तर उघडाच उभा ऱ्हा मांडवात." गिऱ्हाईक हसायचं आणि मुकाट्याने थांबायचं.

बेचाळीस सालच्या पावसाळ्यात तार आली आणि त्याचं चिडणंही गेलं. अलीम, एकुलता एक मुलगा, लष्कराच्या मोटार कंपनीत ड्रायव्हर, इजिप्तच्या पलीकडच्या वाळवंटात बेपत्ता. हा शब्द फार दुष्ट आहे. मेला म्हणावं तर बाप ऊर बडवून घेईल, जिवंत म्हणावं तर वाट पाहील. जैनुद्दीन दोन्ही करत होता आणि एकही धड होत नव्हतं. त्याच कंपनीतल्या मिरजगावच्या मच्छिंद्रचं कार्ड आलं, इटलीत कैदेत आहे, बरा आहे म्हणून. अलीमचं नऊ महिन्यांत एक अक्षर नाही.

आणि अलीमला लष्करात घातला होता जैनुद्दीननेच. पोराला दुकानात बसायचं होतं, काजं करायला त्याचा हात फार सुरेख. पण बापाला वर्दीतला मुलगा हवा होता. भरतीला नेला तर छाती इंचभर कमी भरली आणि साहेबाने हाकलून दिला. जैनुद्दीन पेटला. दर्ज्याचं पोर आणि मापात कमी? तीन महिने रोज सकाळी कच्ची अंडी, शेरभर दूध, शंभर जोर, आणि शेवटी छातीभोवती टेप. "भर श्वास. अजून भर. आता धरून ठेव." पोरगं लालबुंद व्हायचं, डोळ्यांत पाणी यायचं, पण सोडायचं नाही. टेप तेहतिसावर टेकला त्या दिवशी बापाने अख्ख्या बाजाराला जिलबी वाटली.

तार आली तेव्हा त्याची बायको सरवरी एवढंच म्हणाली, "तुमीच मोजून मोजून दिला त्याला." पुन्हा ती ते कधीच बोलली नाही. बोलली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं.

त्रेचाळीसच्या एप्रिलमध्ये सूर्यभान दुकानात आला. भिंगारच्या पलीकडे तारेच्या कुंपणात काही इटालियन युद्धकैदी ठेवले होते, तिथल्या गोदामाचा हा कारकून. काम विचित्र होतं. पांढऱ्या मांजरपाटाचे चाळीस झगे, पायघोळ, आणि प्रत्येकाला सगळं तोंड झाकणारं टोपडं, डोळ्यांपुरती दोन भोकं ठेवून.

"भुतं नाचवायची हाईत का?" जैनुद्दीनने विचारलं.

"त्यांचा येशू मेला त्या शुक्रवारी त्यांच्या गावाकडं असं फिरत्यात म्हनं. अनवाणी, पायात साखळी, खांद्यावर क्रूस. तोंड झाकायचं म्हंजी कुनाचं पाप कुनाला कळत न्हाई. सायबानं आत फिरायला परवानगी दिलीया."

एरवी जैनुद्दीनने असलं काम घेतलं नसतं. पण ही माणसं इटलीची होती. त्यांना विचारता आलं असतं. त्याने मांजरपाटाचे तागे उतरवून घेतले आणि आठ दिवस मान वर केली नाही.

सूर्यभानने काढून दिलेल्या पासावर झगे घेऊन तो आत गेला तेव्हा ते ताब्यात घ्यायला पेत्रो नावाचा कैदी पुढे आला. गावी पाव भाजणारा माणूस, दोन वर्षांत छावणीची मोडकी हिंदुस्थानी शिकलेला. जैनुद्दीनने आधी झगे दिलेच नाहीत, खिशातून अलीमचा फोटो काढला. पेत्रोने तो उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिला आणि मान हलवली. बरोबरच आहे, वाळवंटात धरल्यापासून तो इथेच तारेत, त्याला काय ठाऊक असणार? जैनुद्दीनने फोटो परत खिशात ठेवला. आठ दिवस तो या एकाच प्रश्नावर जगला होता.

कैद्यांनी झगे अंगाला लावून पाहिले. चाळीस बरोबर बसले आणि तळाशी आणखी एक निघाला. कापड वाचवत बेतलं होतं, त्यातून हा केव्हा कापला गेला ते जैनुद्दीनला आठवेना. पेत्रोने तो उचलला. खांद्याला लहान, बाहीला आखूड.

"छोटा है. किसका?"

जैनुद्दीनने झगा हातात घेतला आणि खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. टेप लावायची गरजच नव्हती. "मेरे बेटे का," तो म्हणाला. मग त्याला बोलणं आवरेना. भरती, कच्ची अंडी, टेप, जिलबी, सगळं त्या परक्या माणसाला सांगून टाकलं. पेत्रोला किती कळलं कोण जाणे. तो म्हणाला, "तू भी चल. मुँह नहीं, नाम नहीं. सिर्फ पाप."

"फायदा?"

"फायदा नहीं. चलना."

"मैं तुम्हारे क्रूस के आगे झुकूंगा नहीं."

"मत झुक. चल."

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून जैनुद्दीन थेट तिकडे गेला. मशिदीतून निघून दुसऱ्यांच्या देवाच्या मिरवणुकीत, या वयात! वाटेत त्याने स्वतःलाच शिव्या दिल्या, पण पाय मागे फिरले नाहीत. शेडमध्ये त्याने अलीमच्या मापाचा झगा चढवला. काळजीने इतका वाळला होता की तो अंगात गेला. पायाला साखळी बांधली आणि तो रांगेच्या शेवटी उभा राहिला.

दुपारचे तीन. मुरूम तापून लाल झालेला. रांग मैदानाला फेऱ्या घालू लागली. पुढे क्रूस होता, तिकडे त्याने पाहिलं नाही. दुसऱ्या फेरीला तळव्यांचे फोड फुटले. टोपड्याच्या आत स्वतःचाच गरम श्वास तोंडावर येत होता, हवा पुरत नव्हती, आणि तेवढ्यात त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. भर श्वास. अजून भर. आता धरून ठेव. रोज सकाळी पोराला असंच होत होतं तर! आणि आपण टेपाकडे पाहत होतो, तोंडाकडे नाही. तो टोपड्याच्या आत मोठमोठ्याने रडू लागला.

फेऱ्या संपल्यावर हवालदाराने मोजणी केली. एक्केचाळीस. पुन्हा मोजले, एक्केचाळीस. एक कमी भरला तर शिट्टी वाजवायची हे त्याला पाठ होतं. एक जास्त भरला तर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याचा गोंधळ पाहून जैनुद्दीनने स्वतःच टोपडं वर केलं. पांढरी दाढी बाहेर आली आणि कुणी हसलं नाही.

सूर्यभानने त्याला गेटाबाहेर आणून सोडलं. "जैनुभाई, पास जप्त झालाय तुमचा. आता आत येनं न्हाई." म्हणजे इटलीच्या माणसाशी बोलायची तेवढी एक वाटही बंद.

घरी सरवरीने त्याचे पाय पाहिले आणि परातीत पाणी ओतलं. मग काखेतला झगा तिने ओढून घेतला. खांद्यावर एक वीत टाकली, आणि तिचा चेहरा उतरला.

"अलीमचं माप हाय हे. जित्या पोराच्या मापाचं पांढरं कापड बेतलं तुमी?"

जैनुद्दीन हादरला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याने झटकन कात्री उचलली. "उसवून टाकतो."

"उसवू नका!" तिने हात धरला. "कफनाला शिवन नसती. शिवलेला हाय तवर तो कपडाच हाय."

त्याने कात्री खाली ठेवली. मग त्याने कुठे गेलो होतो, काय केलं, ते सांगितलं. कबूल करून आलो, म्हणाला.

"कुनापुढं?"

"कुनापुढंच न्हाई. तोंड झाकलेलं हुतं."

"आता उघडं हाय. माझ्यापुढं म्हना."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "पोराला जायचं नव्हतं, सरवरी. मी धाडला."

माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. झगा तिने त्याच्या पुढ्यात ठेवला. "सदरा करा ह्याचा. बाह्या चार बोटं लांब ठेवा. एकोनिसाचा हुता, वाढला असंल."

वाढवायला झग्याचा घेर होता, पण त्याचा हात टोपड्याकडे गेला. त्याने ते कापून बाह्यांना जोडलं. डोळ्याचं एक भोक नेमकं मनगटावर आलं, ते बुजवायला सरवरीने सुई ओवली. मग त्याने सवयीने गळ्यातला टेप काढून सदऱ्याच्या छातीवर धरला.

"आत घेऊ का?"

"नको. सैल ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "श्वास घिऊ द्या पोराला."

जैनुद्दीनने टेप खाली ठेवला आणि मशीन सुरू केलं, पण सुईच्या पुढचं त्याला काही दिसेना.