आत्याची संकष्टी आणि औषधाची रांग

आधीच सांगतो, मी लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यातला माणूस. आपोआप काही घडलं की कुठेतरी वायर सुटलेली असते, एवढंच मला माहीत. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी फरसाण संपवायच्या मागे लागतो. तरीही आज हे लिहितोय...

गेल्या वर्षी सुमाआत्याला घेऊन सोलापूरहून तंजावूरला गेलो होतो. आई लवकर गेली, मला आत्यानेच वाढवलं. तिथलं मोठं देऊळ बघायची तिची फार दिवसांची इच्छा. देऊळ झालं आणि दुसऱ्याच दिवशी तिला थंडी वाजून ताप. रक्तातली साखर भलतीच वाढलेली. एका लहान खासगी हॉस्पिटलात, पहिल्या मजल्यावर खाट मिळाली. मला तमिळ येत नाही, आत्याला हिंदीसुद्धा जेमतेम. तीन दिवस नुसत्या खाणाखुणा!

चौथ्या दिवशी साडेबाराला जेवणाचं ताट आलं. सिस्टरने इन्सुलिन टोचलं, "साप्पिडुंगम्मा" म्हणत हाताने जेवायची खूण केली आणि मला औषधं आणायला खाली पिटाळलं. रांग हलेचना. दीड वाजला तरी मी तिथेच.

तेवढ्यात मागून आवाज आला — मराठी! वळून पाहिलं तर साठीची बाई, हिरवी सुती साडी, ठसठशीत कुंकू. तंजावुरात जुनी मराठी घराणी आहेत हे ऐकून होतो, त्यामुळे आनंदच झाला. पण तिला गप्पा मारायच्या नव्हत्या.

"बाबा, तुझी आत्या जेविली नाही. चतुर्थी धरलीय. सुई घालून झाली. आत्ताच्या आत्ता वर जा."

तिने माझ्या हातात कागदात बांधलेला गुळाचा खडा ठेवला. तुम्हाला कसं कळलं, हे विचारायचंही सुचलं नाही. मी जिना गाठला.

आत्या घामाने निथळत होती. डोळे अर्धे उघडे, हाकेला ओ नाही. ओरडून सिस्टरला बोलावलं. तिने बोटातलं रक्त तपासलं आणि धावत जाऊन ग्लुकोजची सलाईन आणली. "लिटिल मोर लेट, सार..." एवढंच म्हणाली.

संध्याकाळी आत्या बोलायला लागली, तेव्हा मी तिच्यावर खेकसलोच. "इन्सुलिन घेऊन उपास? मरायचं होतं का?"

"चंद्र बघितल्याशिवाय कधी जेवलेय का मी? सिस्टरला वाईट वाटू नये म्हणून ताट शेजारच्या बाईला दिलं."

"पण उपास आहे हे कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? इथली भाषा येते का मला?"

मी वायर शोधायला लागलो. शेजारच्या खाटेवरच्या बाईची मुलगी मोडक्या इंग्रजीत म्हणाली, आत्याकडे कुणीही आलं नव्हतं. औषधवाला तर माझ्याकडेच विचित्र बघायला लागला. "नो लेडी बिहाइंड यू, सार." खिशात गूळ होता, म्हणून माझा मला तरी विश्वास बसला.

शेवटी आत्यालाच सांगितलं. ती हळूच म्हणाली, "हिरवी साडी ना? माझ्या उशाशी बसली होती. डोळ्यांपुढे अंधारी, तोंड उघडत नव्हतं रे... तिने विचारलं, तुझं माणूस कुठे आहे? मी मनातल्या मनात म्हटलं — खाली रांगेत, निळ्या चौकटीच्या शर्टात."

मी माझ्या शर्टाकडे बघत राहिलो.

ती बाई कोण, हे मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर सांगा, मी हात टेकलेत. आत्याने मात्र त्यानंतर संकष्टी सोडली. आता त्या दिवशी सकाळीच पोहे घेऊन बसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चेष्टेत विचारलं, "काय गं, बाप्पा रागावणार नाही?"

ती हसली नाही. म्हणाली, "मनातलं ऐकून खाली निरोप देणारी दर वेळी भेटेलच, असं नाही ना रे."